न बोलता दिलेली हजेरी

गणपतीतली सकाळ. टाळ, घंटा, धाकट्याच्या हातातली झांज, सगळं एकदम सुरू. मी खणखणीत आवाजात आरती म्हणतेय आणि त्याच वेळी स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिट्ट्या मोजतेय. डाळीला तीन हव्यात. ही दुसरी झाली का? की पहिलीच? तेवढ्यात आठवतं, लाइटबिल भरायची आज शेवटची तारीख. मग वहिनी काल जे बोलली ते आठवतं, आणि त्यावर आपण काय बोलायला हवं होतं तेही. भानावर येते तेव्हा सगळे कापुराच्या ज्योतीवर हात धरून डोळ्यांना लावतायत. चार आरत्या म्हणून झालेल्या. शब्द एकही चुकला नव्हता आणि म्हटलेला एकही शब्द आठवत नव्हता. डाळीचा लगदा झाला तो वेगळाच.

माणसं पांगली. आत्या तेवढी पाटावर बसून राहिली. हात मांडीत, ओठ बंद, डोळे अर्धे मिटलेले. दहा मिनिटांनी उठली तेव्हा मी विचारलं, "आत्या, काय म्हणत होतीस गं?"

"काही नाही. म्हणून झालं होतं. नुसती बसले होते."

म्हणजे मी प्रार्थना म्हणत होते, पण प्रार्थनेत नव्हते. आत्या काहीच म्हणत नव्हती, पण तिथे होती. जगातल्या बहुतेक मोठ्या धर्मपरंपरांनी अशा 'नुसतं बसण्या'ला जागा दिली आहे, आणि अनेकींनी ती बोलक्या प्रार्थनेच्या वर दिली आहे. शब्द काढून घेतल्यावर प्रार्थनेत उरतं काय? आणि त्या वेळी आपल्या आत नेमकं काय घडत असतं?

जीभ हजर, मन गैरहजर

आधी माझी बाजू मांडते. त्या सकाळी माझ्या भक्तीत काही उणं असेलही, पण खरी करामत मेंदूच्या काटकसरीची होती. लक्ष ही मेंदूकडची फार तुटपुंजी वस्तू. ती जपून वापरण्यासाठी त्यानं एक सोय करून ठेवली आहे: वारंवार होणारं काम लक्षाच्या ताब्यातून काढून सवयीच्या ताब्यात द्यायचं. स्कूटर शिकताना क्लच, गिअर, ब्रेक, आरसा, प्रत्येकाकडे वेगळं बघावं लागतं. काही महिन्यांनी आपण कोपऱ्यावरच्या वाण्याच्या उधारीचा हिशेब करत करत घरी पोचतो आणि वाटेतले सिग्नल आठवत नाहीत.

ही सवय बसवण्यात मेंदूच्या खोल भागातल्या 'बेसल गँग्लिया' नावाच्या केंद्रांचा मोठा वाटा असतो. सुट्ट्या सुट्ट्या कृती ती एका दोऱ्यात ओवतात. माळेचं एक टोक ओढलं की सगळी माळ येते, मधलंच फूल उचलायला गेलं की अडतं. याचा पुरावा प्रत्येकाकडे आहे. 'सतरा साते किती?' असं अचानक विचारलं की बरेच जण मनातल्या मनात 'सतरा एके'पासून धावत येतात. पाठ असलेल्या स्तोत्राचं मधलंच कडवं कोणी विचारलं तर आपण सुरुवातीपासून पुटपुटू लागतो.

प्रार्थना पाठ झाली की तीही अशीच ओवली जाते. जीभ आपोआप चालते आणि मन मोकळं सुटतं. मोकळं सुटलेलं मन कुठे जातं, हे मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या हार्वर्डच्या संशोधकांनी २०१० साली मोजून पाहिलं. त्यांनी २,२५० प्रौढांना दिवसाच्या अधल्यामधल्या वेळी फोनवरून विचारलं: आत्ता काय करताय, त्याचाच विचार करताय का, आणि कसं वाटतंय? यातले बहुतेक लोक अमेरिकेतले होते, हे लक्षात ठेवायला हवं. जवळपास ४७ टक्के वेळा उत्तर आलं, की हात एकीकडे आणि मन भलतीकडे. भटकलेल्या वेळी माणसं एकंदरीत कमी सुखी होती, असंही त्यात दिसलं.

तेव्हा आरतीत कुकर मोजणारी मी एकटी नाही.

'पापड' म्हणून पाहा

मन भटकतं तेव्हा ते बहुतेकदा बोलत बोलत भटकतं. ही आतली बडबड येते कुठून?

भातुकली खेळणाऱ्या चार वर्षांच्या मुलीजवळ जरा कान द्या. "आता मी चहा ठेवते. साखर संपली. अगंबाई, पाहुणे आले!" ती कोणाशीच बोलत नसते आणि तरी सारखी बोलत असते. लेव्ह वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञानं १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात असं मांडलं, की मूल मोठं होताना हे बोलणं थांबत नाही. ते आत जातं. आधी मोठ्यानं, मग कुजबुजत, मग मनात. आपला बराचसा विचार म्हणजे आत गेलेली भातुकली.

आत गेली तरी तिनं शरीर पुरतं सोडलेलं नसतं. तोंड चांगलं उघडं ठेवा आणि ओठ न हलवता मनातल्या मनात 'पापड, पापड' म्हणून पाहा. ओठ मिटावेत अशी एक बारीक ओढ अनेकांना जाणवते, कारण 'प' ओठ मिटल्याशिवाय होत नाही. १९३०च्या दशकात एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरांनी जिभेच्या आणि ओठांच्या स्नायूंवर विद्युतवाहक लावून हेच यंत्रावर दाखवलं. माणूस मनात आकडे मोजत असला तरी तिथे सूक्ष्म विद्युतहालचाल होत होती.

ही आतली भाषा मोठी कामाची आहे. वाणसामानाची यादी ती धरून ठेवते, साहेबांसमोर काय बोलायचं याची तालीम करून घेते, राग आला की 'जाऊ दे' म्हणते. पण तिचा स्वभाव क्रिकेटच्या समालोचकासारखा आहे. चेंडू पडून गेल्यावर तो त्याविषयी बोलतो, म्हणजे घटनेच्या तो कायम एक पाऊल मागे. आणि दोन चेंडूंच्या मधल्या वेळात, मैदानात काहीच घडत नसताना, त्याला गप्प बसवत नाही. मागच्या दौऱ्यात काय झालं, पुढच्या षटकात काय होईल, हे चालूच.

टीव्हीचा आवाज बंद केला तर सामना थांबत नाही. खेळाडू धावतात, चेंडू सीमेकडे जातो, पंच हात उचलतो. थोडा वेळ चुकल्याचुकल्यासारखं वाटतं, आणि मग आजवर न पाहिलेल्या गोष्टी दिसू लागतात. क्षेत्ररक्षक प्रत्येक चेंडूआधी दोन पावलं पुढे येतो, हे तेव्हा लक्षात येतं. शब्दाविना प्रार्थना म्हणजे हे आवाजाचं बटण. सामना आपण स्वतः.

दोन प्रकारचं 'मी'

इथे एक घोळ होऊ शकतो. 'स्वतःचं भान' म्हटलं की आपल्याला लग्नातला फोटो आठवतो. फोटोवाला 'जरा हसा' म्हणतो आणि एकाएकी कळेनासं होतं, हात कुठे ठेवायचे. मी कशी दिसतेय? पदर नीट आहे का? हेही स्वतःचंच भान, पण लोकांच्या डोळ्यांतून उसनं घेतलेलं.

आता दुसरा प्रसंग घ्या. डिसेंबरातली पहाट, गिझर बंद पडलेला. पहिला तांब्या अंगावर ओतला त्या क्षणी 'मी' असतो की नसतो? पुरेपूर असतो. गार पाणी पाठीवरून उतरतंय, श्वास अडकलाय, कातडी शहारलीय. पण त्या अर्ध्या सेकंदात 'मी अमुक गावचा, अमुक हुद्द्यावरचा, माझं अमुक राहून गेलं' यातलं काही नसतं. गोष्ट नाही, नुसती जाणीव. दुसऱ्या तांब्याला समालोचक परत येतो: "प्लंबरला सांगायला हवं."

मेंदूचे अभ्यासक या दोन 'मी'मध्ये फरक करतात. एक गोष्टीतलं 'मी', काळात लांबवर पसरलेलं, काल आणि उद्या जोडणारं. दुसरं अनुभवातलं 'मी', फक्त आत्ताचं.

पहिल्याचा ठाव काहीसा योगायोगानं लागला. मेंदूची चित्रं घेताना संशोधक माणसाला काहीतरी काम देत, आणि दोन कामांच्या मध्ये 'नुसते पडून राहा' सांगत. नुसतं पडल्यावर मेंदू निवांत होईल, ही अपेक्षा. पण काही भाग उलट त्याच वेळी जोरात चालू होत. अमेरिकेतल्या सेंट लुईसचे मार्कस रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली याला 'डिफॉल्ट मोड' हे नाव दिलं. आपण त्याला 'रिकामपणचं जाळं' म्हणू. कपाळामागचा मधला भाग आणि मेंदूच्या मागच्या बाजूचा मधला भाग हे त्याचे मुख्य खांब. आठवणी, बेत, 'लोक काय म्हणतील', ही यांची आवडती कामं.

२००७ साली टोरंटोत नॉर्मन फार्ब आणि सहकाऱ्यांनी दोन्ही 'मी' एकमेकांसमोर उभे केले. लोकांना स्वभावाची विशेषणं दाखवली. एकदा सांगितलं, 'हा शब्द तुमच्याविषयी काय सांगतो याचा विचार करा.' दुसऱ्यांदा सांगितलं, 'विचार सोडा, आत्ता या क्षणी तुमच्यात काय होतंय ते नुसतं टिपा.' ज्यांना कसलाच सराव नव्हता त्यांच्या मेंदूत दोन्ही वेळचं चित्र फारसं वेगळं नव्हतं. टिपायला सांगितलं तरी गोष्ट चालूच! आठ आठवडे सजगतेचा सराव केलेल्यांत मात्र कपाळामागचा मधला भाग ठळकपणे शांत झाला आणि 'इन्सुला' नावाचा भाग जास्त कामाला लागला. इन्सुला म्हणजे शरीराच्या आतल्या बातम्यांचं टपालघर. पोट, छाती, श्वास, ऊब, गारवा यांची खबर तिथे पोचते.

म्हणजे दोन्ही 'मी' एरवी एकमेकांत गुंतलेले असतात आणि सरावानं ते सुटे करता येतात. समालोचक आणि सामना वेगळे आहेत हे कळू लागतं.

श्वासच का?

अनेक परंपरा इथे श्वासाकडे वळतात. यामागे तीन साधी कारणं आहेत.

पहिलं, श्वास साठवता येत नाही. कालचं भांडण आज आठवता येतं, उद्याची मुलाखत आज घडवता येते, पण कालचा श्वास आज घेता येत नाही. श्वास जाणवतोय याचा अर्थच आपण आत्ता इथे आहोत.

दुसरं, श्वास हा जिन्यातल्या दिव्यासारखा आहे. त्या दिव्याला दोन बटणं असतात, एक खाली आणि एक वर. श्वास झोपेतही आपसूक चालतो आणि मनात आणलं तर हातातही घेता येतो. हृदय, आतडी, यकृत यांना हे दुसरं बटण नाही. ताबा न घेता नुसतं बघण्याचा सराव करायला म्हणूनच श्वास ही उत्तम जागा, कारण ताबा घेण्याचा मोह इथे पदोपदी होतो.

तिसरं कारण मनगटावर सापडतं. नाडी धरून सावकाश श्वास घ्या आणि सोडा. घेताना ठोके किंचित भरभर, सोडताना किंचित संथ पडतात, तरुण आणि निरोगी माणसात जास्त ठळकपणे. मेंदूपासून निघून छाती-पोटात उतरणाऱ्या 'व्हेगस' चेतातंतूचं हे काम. श्वास सोडताना तो हृदयाला लगाम घालतो. श्वास संथ आणि सोडणं लांब झालं की शरीराला निरोप जातो: धावपळीचं कारण नाही.

हठयोगाच्या ग्रंथांनी श्वासालाच जप मानलं आहे. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या वाऱ्याचा आवाज 'हंस', किंवा उलटून 'सोऽहं', असा ऐकायचा. कोणी जपत नाही तरी चालू असतो, म्हणून त्याचं नाव 'अजपाजप'. दिवसाचे श्वास ते २१,६०० धरतात. चोवीस तासांतल्या मिनिटांनी भागून पाहा: मिनिटाला बरोबर पंधरा. आजचे डॉक्टर विसावलेल्या प्रौढासाठी मिनिटाला १२ ते २० हा आकडा सांगतात.

छत्रपती संभाजीनगरला गेलेला माणूस पाणचक्की पाहून येतोच. जात्याचा चमत्कार बघण्याच्या नादात तिथल्या दर्ग्याकडे लक्ष जात नाही. तो बाबा शाह मुसाफिर यांचा. ते मध्य आशियातून आलेले नक्शबंदी पंथाचे सूफी. बऱ्याच सूफी पंथांत नामस्मरण मोठ्यानं, तालात होतं. नक्शबंदींचा भर मुक्या, काळजातल्या स्मरणावर. त्यांच्या नियमांत एक आहे 'होश दर दम', म्हणजे श्वासाश्वासात भान. हठयोगी आणि नक्शबंदी दोघेही एकाच नाकाशी येऊन बसले.

शब्द ही शिडी

मग आरत्या, नामजप, जपमाळ हे सगळं फुकट? मुळीच नाही.

२००१ साली इटलीत लुसियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांना लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली, आणि तिबेटी बौद्धांचा 'ओम मणि पद्मे हुम' हा मंत्रही. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला. रक्तदाब आणि हृदयाचे ठोके यांच्या लयी एकमेकींशी जुळल्या. या दोन परंपरा हजारो मैल दूरच्या, पण एक ओळ म्हणायला लागणारा वेळ दोन्हीकडे सुमारे दहा सेकंद. ओळ म्हणताना श्वास लांब सुटतो, संपली की आपसूक घेतला जातो. 'श्वास संथ करा' असं कोणाला सांगितलं तर तो अवघडून बसतो. ओळ म्हणायला दिली तर श्वास न सांगता संथ होतो.

शब्दांची ही शिडी आपल्याकडे फार पूर्वी मोजून ठेवलेली आहे. मोठ्यानं केलेला जप वाचिक. ओठ हलतात पण शेजारच्याला ऐकू येत नाही, तो उपांशु. ओठही हलत नाहीत तो मानस. वाणीच्याही चार पायऱ्या सांगितल्या आहेत: वैखरी म्हणजे तोंडाबाहेर पडलेली, मध्यमा म्हणजे मनात घोळणारी, पश्यंती म्हणजे शब्द व्हायच्या आधीचं नुसतं दिसणं, आणि परा म्हणजे त्याच्याही आधीचं. वायगॉट्स्कीची मुलगी वैखरीतून मध्यमेत उतरते. आतला समालोचक मध्यमेत राहतो. आत्या आरतीनंतर पाटावर बसली होती ती मध्यमेचीही पायरी ओलांडायला.

तिनं आधी आरती म्हटली होती, हे विसरून चालणार नाही. शिडी चढून झाल्यावर तिच्यावरच उभं राहायचं नसतं. माझी अडचण ही, की मी शिडीवर झोपते.

भटकणं हा बिघाड नाही

पहिल्यांदा गप्प बसणारा माणूस पाच मिनिटांत वैतागतो. "माझं मनच लागत नाही. आत बाजार भरतो." बाजार आधीही भरलेला असतो, टीव्हीच्या आवाजात ऐकू येत नव्हता एवढंच.

२०१२ साली एमरी विद्यापीठात वेंडी हॅसनकँप आणि सहकाऱ्यांनी ध्यान करणाऱ्यांना यंत्रात झोपवून हातात एक बटण दिलं. श्वासावर लक्ष ठेवा, मन भरकटलं होतं असं ज्या क्षणी कळेल तेव्हा बटण दाबा आणि परत या. त्यातून चार टप्प्यांचं चक्र दिसलं: मन भटकतं, भटकलंय हे कळतं, लक्ष सुटं करून वळवलं जातं, काही वेळ टिकतं. आणि परत भटकतं. भटकताना रिकामपणचं जाळं चालू असतं. 'अरे!' असं कळतं त्या क्षणी मेंदूतला वेगळाच भाग उजळतो, लक्ष वेधून घेणाऱ्या गोष्टींची वर्दी देणारा.

आता कळीचा प्रश्न. या चक्रात सराव नेमका कोणत्या टप्प्यावर होतो? आपल्याला वाटतं चौथ्या, लक्ष टिकतं तिथे. खरं वळण दुसऱ्यावर आहे. मन भटकलंय हे कळलं तेव्हा ते कोणाला कळलं? भटकणाऱ्याला कळत नसतं. कळलं याचाच अर्थ आपण परतलो. शाळेत बाई हजेरी घेतात. पोरगा खिडकीबाहेर बघत असतो, स्वतःचं नाव कानावर येतं, तो दचकून म्हणतो, "हजर!" दचकण्याआधी तो वर्गात नव्हता, म्हणाला तेव्हा होता. तासाभरात वीसदा नाव पुकारलं आणि वीसदा तो दचकून हजर झाला, तर वीसदा तो वर्गात आला.

शब्दाविना प्रार्थनेत पुन्हा पुन्हा म्हणायची ओळ नसते. पुन्हा पुन्हा द्यायची हजेरी असते.

पण ही प्रार्थना कशी?

इथवर आलेला चिकित्सक वाचक विचारील: हा मनाचा व्यायाम झाला. प्रार्थना म्हटली की समोर कोणीतरी हवा, काही मागणं हवं, निदान आभार तरी. तो कुठे आहे?

हा प्रश्न आपल्याच अंगणात चांगला रंगलेला आहे. १९३१ साली मुंबईत जन्मलेले अँथनी डिमेलो हे येशूसंघाचे धर्मगुरू. १९७०च्या दशकात त्यांनी पुण्यात 'साधना' ही संस्था सुरू केली, ती पुढे लोणावळ्याला गेली. १९७८ साली आलेल्या त्यांच्या प्रार्थनेवरच्या पुस्तकाचं नावही 'साधना'च. ख्रिस्ती प्रार्थनेचं हे पुस्तक उघडावं तर सुरुवातीला ना देवाचं नाव ना याचना. गप्प बसा, खांद्यावरचा कपड्याचा स्पर्श, पाठीला टेकलेली खुर्ची जाणवू द्या, मग नाकपुड्यांतून जाणारी हवा. ही प्रार्थना कशी, ही शंका शिष्यांना यायचीच, आणि त्यांचं म्हणणं असं, की जाणिवेत स्थिर होणं हाच प्रार्थनेचा एक गाढ प्रकार आहे. १९८७ साली ते गेले. १९९८ साली व्हॅटिकनच्या धर्मसिद्धांतविषयक विभागानं त्यांच्या लेखनाविषयी इशारेवजा सूचना काढली. त्यावर सही होती कार्डिनल रॅट्झिंगर यांची, म्हणजे पुढे पोप झालेल्या बेनेडिक्ट सोळाव्यांची. रूप-प्रतिमा नसलेल्या देवाच्या अनुभवाकडे त्यांचं लेखन झुकत गेलं, हा त्यातला एक मुख्य आक्षेप.

लोणावळ्याहून इगतपुरी फार लांब नाही. तिथल्या धम्मगिरीवर १९७६ पासून सत्यनारायण गोएंकांच्या परंपरेतली विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं होतात. बोलणं बंद, नजरेनं खुणा करणंही बंद. पहिले तीन दिवस फक्त येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे बघायचं, आणि त्याला कुठलंही नाम किंवा रूप जोडायचं नाही, हा कडक दंडक. पण याला 'प्रार्थना' म्हटलं तर तिथले आचार्य मान हलवतील. त्यांच्या लेखी समोर कोणी नाही. हे मनाचं निरीक्षण आहे.

तिसरीकडे इंग्लंडमधले क्वेकर. सतराव्या शतकाच्या मध्यात जॉर्ज फॉक्स यांच्या प्रेरणेनं उभ्या राहिलेल्या या पंथाच्या परंपरागत सभेत पुरोहित नाही, ठरावीक स्तोत्र नाही. सगळे एकत्र येऊन गप्प बसतात. आतून कोणाला बोलावंसं वाटलं तर तो चार वाक्यं बोलतो, नाहीतर तासभर शांतता. शेवटी शेजाऱ्याचा हात हातात घेतला की सभा संपली. तिघांचं बसणं बाहेरून सारखंच दिसेल, पण क्वेकर म्हणेल मी ऐकतोय, विपश्यना करणारा म्हणेल मी बघतोय, डिमेलोंचा शिष्य म्हणेल मी त्याच्यासमोर आहे.

मेंदूची चित्रं या वादात पंच होऊ शकत नाहीत. कुठल्या भागात रक्त जास्त गेलं एवढंच ती सांगतात. समोर कोणी आहे की नाही, हे सांगत नाहीत. दिव्याचं मीटर युनिट मोजतं. दिवा अभ्यासासाठी लावला की देवासाठी, हे मीटरला कळत नाही.

मला यातून एवढंच हाती लागलं. मागणं, आभार, पश्चात्ताप हे सगळं पुढचं. त्याआधी हजर असावं लागतं. घरी पाहुणा आला आणि आपण फोनमध्ये डोकं घालून 'या, बसा, चहा घ्या' म्हटलं तर शब्द सगळे बरोबर असतात, फक्त यजमान घरी नसतो. पाहुणा कोण, हे प्रत्येकाच्या श्रद्धेवर. यजमान घरी असणं हे मात्र आपल्या हातात आहे.

करून पाहायचं तर

जागा नेहमीची चालेल. खुर्चीवर बसलात तरी हरकत नाही. एखादी पाठ असलेली प्रार्थना एकदा सावकाश म्हणा, मग थांबा. शेवटच्या शब्दाचा आवाज विरताना ऐका. आता काही म्हणायचं नाही. बूड जिथे टेकलंय तो दाब, तळहातांची ऊब, नाकाशी हवा. पंख्याचा आवाज येत असेल तर येऊ द्या, त्याला 'पंखा' म्हणायची गरज नाही. मन गेलं की कळेल, कळलं की आलात. पाच मिनिटं पुरे. झोप येत असेल तर डोळे किलकिले उघडे ठेवा.

एक सावधगिरी. शांतता सगळ्यांना सगळ्या वेळी मानवत नाही. मोठा आघात सोसलेल्या, खोल नैराश्यात असलेल्या किंवा भ्रम होणाऱ्या माणसाला डोळे मिटून आत बघणं त्रासाचं होऊ शकतं. घाबरायला झालं तर डोळे उघडावेत, उठून चालावं, कोणाशी तरी बोलावं. डॉक्टरांची औषधं चालू असतील तर ती चालूच ठेवावीत. गप्प बसणं हा उपचाराला पर्याय नाही.

---

थोडक्यात

• पाठ झालेले शब्द सवयीच्या ताब्यात जातात. जीभ चालते आणि मन मोकळं सुटतं.

• आतली बडबड म्हणजे लहानपणीचं मोठ्यानं बोलणं आत गेलेलं. ती काल-उद्याची गोष्ट विणते.

• गोष्टीतलं 'मी' आणि अनुभवातलं 'मी' वेगळे आहेत. सरावानं ते सुटे करता येतात.

• श्वास फक्त आत्ताचा असतो, म्हणून तो परतीचा रस्ता.

• शब्द श्वासाला लय देतात. ते शिडी आहेत.

• मन भटकणं म्हणजे अपयश नाही. भटकल्याचं कळणं हीच हजेरी.

• समोर कोण आहे, याचं उत्तर विज्ञान देत नाही.

---

विसर्जनाच्या आदल्या दिवशी आरती झाल्यावर मीही आत्याशेजारी जाऊन बसले. समईची वात तडतडत होती. केवड्याचा वास, गुडघ्याखाली गार फरशी. मग लाइटबिल आलं. मग लाइटबिल आलंय हे कळलं. मग परत फरशी. मग वहिनी. मग परत फरशी. हे किती वेळ चाललं कोण जाणे, पण एकदा मधेच काही क्षण कोणीच बोलत नव्हतं, आतही नाही.

तेवढ्यात आत्या डोळे न उघडता हळूच म्हणाली, "तीन झाल्या गं. गॅस बंद कर."